फाइल बंद झाल्यानंतरचा एक दिवस

मागच्या महिन्यात ऋतुजाचा फोन आला. मी निवृत्त झालो तेव्हा माझ्या खुर्चीत बसलेली मुलगी ती हीच. इंजिनिअर आहे, इथंच सांगलीत, विश्रामबागेच्या कॉलेजात शिकली. जे काम शिकायला मला तीस वर्षं खांबावर चढावं लागलं ते तिला लॅपटॉपवर बसल्या जागी दिसतं.

"काका, एक चूक सापडलीय," ती म्हणाली. "पेशंटची फाइल बंद झाली तरी त्याचं वाय-फाय पुढं एक दिवस चालूच राहतं. काढून टाकू का?"

"नको," मी म्हटलं.

"पण कारण काय? रजिस्टरमध्ये तुम्ही नुसतं 'तांत्रिक' असं लिहून ठेवलंय."

फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. लिहून कळवतो म्हणालो. लिहायला बसलो तर पत्र काही आटोपेना, आणि तेवढ्यात या दिवाळी अंकाच्या संपादकांनी कामाच्या आठवणी मागितल्या. तेव्हा ऋतुजा, तुझं उत्तर आता इथंच वाच.

मी शौकत मणेर. आमच्या घराण्याचा धंदा बांगड्यांचा. वडील आठवडी बाजार करायचे, यात्रेला जायचे, लग्नघरी बोलावणं यायचं. बांगड्या भरून झाल्या की समोरची बाई वडिलांना वाकून नमस्कार करायची, मग ती वयानं मोठी का असेना. ती रीतच आहे. हातात बांगड्या भरणाऱ्या मणेराला भाऊ मानतात. मला मात्र काच सोसली नाही. माझ्या हातून इतक्या बांगड्या फुटल्या की एके दिवशी वडीलच वैतागून म्हणाले, "तू आपला तारा ओढ." मी ते मनावर घेतलं आणि टेलिफोन खात्यात लाइनमन झालो.

पहिली पाच वर्षं कोयनानगरला काढली. घाटातल्या लाइनी, पायाला जळवा आणि अधूनमधून हलणारी जमीन. हादरा बसला की खांबावरचा लाइनमन खांबाला मिठी मारतो आणि खालचं सगळं गाव एकदम फोन उचलतं. प्रत्येकाला एवढंच सांगायचं असतं की आम्ही बरे आहोत. पण सगळ्यांना ते एकाच मिनिटाला सांगायचं असल्यामुळं कोणालाच सांगता येत नाही. लाइन गच्च होते आणि शिव्या लाइनमन खातो. हा अनुभव पुढं हॉस्पिटलात रोज कामी आला.

खात्यातून मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि सांगलीतल्या एका मोठ्या खासगी हॉस्पिटलात लागलो. नाव सांगत नाही, त्यांनी मला पगारही दिला आणि मेमोही. काम म्हणजे तिथलं नेट सांभाळणं. लोकांना वाटतं, भिंतीवर एक डबा ठोकला की झालं. हॉस्पिटलात तसं नसतं. जुन्या भिंती दीड फूट जाड, एक्स-रेच्या खोलीला शिशाचे पत्रे, लिफ्टचा लोखंडी खड्डा. या सगळ्यांच्या मधोमध अतिदक्षता विभाग, म्हणजे आयसीयू, आणि त्याच्या बाहेर नातेवाइकांचा हॉल. त्या हॉलमध्ये कुठल्याच कंपनीच्या मोबाइलला रेंज येत नाही. माणसं तिथं पंधरा-पंधरा दिवस बसून असतात, कारण आतून कधी कोणाचं नाव पुकारतील याचा भरवसा नाही. रेंजसाठी बाहेर पोर्चमध्ये जावं तर नेमकं तेव्हाच नाव पुकारतात. म्हणून त्या हॉलला वाय-फाय हाच आधार. मी तिथं चार डबे लावले होते, तरी खांब नंबर तीनपाशी जसं नेट चालायचं तसं कुठंच नाही. का, ते मलाही सांगता येणार नाही. खांबावर मी पिवळी पट्टी चिकटवून ठेवली होती आणि फरशीवर उभं राहायच्या जागी फुली.

पासवर्डची पद्धत माझीच. पेशंट दाखल झाला की काउंटरवर फाइल तयार होते, तिला नंबर पडतो. त्या नंबरावर नातेवाइकाला नेट सुरू करून मिळायचं, रोज सकाळी नंबर पुन्हा टाकायचा. आणि फाइल बंद झाली की नेट आपोआप बंद. हे आपोआप बंद होणं मीच मोठ्या हौसेनं बसवून घेतलं होतं. कारण त्याआधी समोरचा चहावाला डिस्चार्ज होऊन गेलेल्या एका म्हातारीच्या नंबरावर महिनाभर क्रिकेट बघत होता. पकडलं तर म्हणाला, "आजी गेल्या, पण नेट ठेवून गेल्या की!" ही नवी पद्धत सुरू झाली तेव्हा मी आठवडाभर छाती पुढं काढून फिरलो.

गिऱ्हाइकं एकाहून एक. आमच्या भागात आजारी माणसाला बघायला जाणं चुकवत नाहीत. पूर्वी ट्रॉली भरून गाव यायचं आणि वॉचमनशी भांडायचं. आता गावात पारावर एकाच्या हातात फोन आणि इकडं पेशंटपाशी एक फोन. मग रांगेनं एकेक जण येऊन पडद्यात तोंड घालतो, "काय पावणं, ओळखलं का?" पेशंटच्या नाकात नळी असते, तो बिचारा मान हलवतो. एकदा एका पैलवानाच्या पायात सळी घातली होती, तर त्याची आख्खी तालीम फोनवर आली आणि वॉर्डातलं नेट दुपारपर्यंत झोपलं. एक निवृत्त सुभेदार होते, ते रोज मला दारात गाठून म्हणायचे, "मणेर, सिग्नल रिपोर्ट!" मी पाय जुळवून सांगायचो, "पहिला मजला ठीक, दुसरा मजला ठीक, हॉल थोडा कमजोर, साब." त्यांची बायपास झाली त्या सकाळीही त्यांनी स्ट्रेचरवरून रिपोर्ट घेतला.

सगळ्यात अवघड काम एका आजींचं होतं. त्या कवठेमहांकाळकडच्या. मोडलेल्या खुब्यापेक्षा त्यांना घरच्या म्हशीची काळजी. आजींशिवाय ती कोणाला हात लावू देईना, दूध आटत चाललेलं. सुनेनं गोठ्यातून व्हिडिओ लावला, पण चित्र सारखं अडकायचं. आजी मला म्हणाल्या, "चित्र राहू द्या वं. तिला कुठं माझं त्वांड बघायचंय?" मग नुसता आवाज ठेवला. आजी खाटेवरून हाका मारायच्या, "ये गं चंद्रे, ये गं माझे बाय," आणि तिकडं सून बादली घेऊन बसायची. चौथ्या दिवशी चंद्रीनं पान्हा सोडला. वॉर्डातल्या सिस्टरांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या नोकरीत कोणी टाळ्या वाजवल्याचा हा एकच प्रसंग.

आता न आवडणारं सांगतो.

माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर कुठल्याही फाइल नंबरापुढं दोनच शब्द दिसायचे, 'चालू' किंवा 'बंद'. का बंद, हे तिथं नसायचं. एके दिवशी विट्याकडचा एक माणूस माझ्या खोलीत आला, "साहेब, नेट गेलं." मी नंबर टाकून बघितलं आणि मान वर न करता म्हटलं, "तुमची फाइल बंद झालीय. पेशंटला डिस्चार्ज मिळाला." त्याचा चेहरा असा उजळला की बोलायची सोय नाही. मला हात जोडले, पळत पोर्चमध्ये गेला आणि घरी फोन लावला, "आबांना सोडलं! गाडी घिऊन या!" त्याच वेळी आत त्याच्या नावाचा पुकारा होत होता. फाइल बंद झाली होती, कारण आबा गेले होते.

तो परत माझ्याकडं आला नाही, शिवी द्यायलाही नाही. आला असता तर बरं झालं असतं.  त्यानंतर मी स्वतःला दोन गोष्टी बजावल्या. एक, फाइलबद्दल कोणाला काही सांगायचं नाही. दुसरी, आयसीयूतल्या पेशंटची फाइल बंद म्हणजे तो गेला असंच समजायचं, कारण आयसीयूतून थेट घरी कोणी जात नाही. आधी वॉर्डात आणतात, आणि वॉर्डात आणलं तरी फाइलचा नंबर तोच राहतो. हे मी इतकं पक्कं ठरवून टाकलं की त्यापलीकडं काही असेल असं डोक्यातच आलं नाही.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात आक्का आल्या. दुष्काळी आटपाडी तालुक्यातल्या, साठीच्या आसपासच्या, काटक बाई. त्यांचे मालक, ज्यांना त्या तात्या म्हणायच्या आणि मुलं आबा, आयसीयूत होते. फुप्फुसात पाणी झालं होतं आणि हृदयही थकलेलं. लेक एक, तिचं लग्न ठरलेलं. ती घर सांभाळत होती. मुलगा दत्ता फौजेत, कुठंतरी फार उंचावर, कुठं ते सांगायचं नसतं. तिथं त्याला दिवसातून अर्धा तास नेट मिळायचं, साडेअकराच्या सुमाराला, पाळीनं. आक्कांना नंबर टाकता यायचा नाही, म्हणून रोज सव्वाअकराला मी हॉलमध्ये जाऊन त्यांच्या फोनवर नेट सुरू करून द्यायचो आणि त्यांना खांबापाशी फुलीवर उभं करायचो. त्या मला भाऊ म्हणायच्या. मणेर आडनाव कळल्यावर तर म्हणाल्या, "मग तुमी तर भाऊच की. माझ्या लग्नातला चुडा तुमच्याच लोकांनी भरलाय."

दत्ता रोज तेच विचारायचा, यिऊ का? आणि आक्का रोज तेच सांगायच्या, "नगं. तात्या सुधारायल्यात. रजा थोडी ऱ्हायलीय, ती बहिणीच्या लग्नाला ठिव." एका दिवशी तो म्हणाला, "आई, उद्या बारा वाजता गाडी खाली जातीय. बरफ पडाय लागलंय. ही गाडी गेल्यावर रस्ता कवा बंद हुईल सांगता येत न्हाई. उद्या साडेअकराला मला खरं काय ते सांग. निघायचं का ऱ्हायाचं ते मी तवाच ठरवीन." मी शेजारीच उभा होतो. हे सगळं मी ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजून वीस मिनिटांनी मी नंबर टाकला तर नेट लागेना. पुन्हा टाकला, तरी नाही. "जरा थांबा आक्का," म्हणून मी पळत खोलीत आलो. कॉम्प्युटरवर बघितलं. तात्यांच्या नंबरापुढं 'बंद'.

मी आयसीयूत फोन लावला. सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर राउंडला आहेत, नंतर करा." काउंटरला लावला. तिथला क्लार्क म्हणाला, "हो, बंद झालीय. मीच केली आता." मी फोन ठेवला. का केली, एवढे दोन शब्द विचारायचे राहिले. राहिले म्हणजे काय, मी विचारले नाहीत. उत्तर मला ठाऊक आहे अशी माझी खात्री होती, आणि ते कानानं ऐकायची हिंमत नव्हती.

साडेअकराला दोन मिनिटं कमी होती. मी स्टाफच्या पासवर्डवर आक्कांचा फोन जोडला. हे नियमाबाहेरचं होतं, पण त्याची फिकीर नव्हती. फोन लागला. पडद्यावर दत्ता, कानटोपी, मागं नुसता पांढरा उजेड.

"आई, कसं हायत आबा?"

"बरं हायत. कालच्यापरीस बरं हायत. तू घाई करू नगंस."

"मग ऱ्हाऊ म्हंतीस?"

"ऱ्हा. लग्नाला ये."

मी तिथं उभा होतो. माझ्या हिशेबानं तिकडं आत तात्या वारलेले होते आणि ही बाई पोराला रहा म्हणून सांगत होती. आणखी अर्ध्या तासानं गाडी जाणार होती. मी आक्कांच्या हातातून फोन घेतला आणि म्हटलं, "बाळ, मी हॉस्पिटलातला शौकतचाचा बोलतोय. बाराची गाडी चुकवू नकोस. आजच निघ."

"चाचा, आबा...?"

"तू निघ," मी म्हटलं आणि फोन बंद केला.

आक्का माझ्याकडं बघत राहिल्या. "काय झालं भाऊ?"  मी मान खाली घातली.  त्यांनी पदर तोंडाला लावला, एक पाऊल मागं सरकल्या आणि दोन्ही हात त्या पिवळ्या पट्टीच्या खांबावर आपटले. हिरव्या बांगड्यांचे तुकडे माझ्या बुटांवर येऊन पडले. हॉलमधल्या बायका धावत आल्या, कोणी त्यांना खाली बसवलं, कोणी पाणी आणलं. माझ्या वडिलांनी आयुष्यभर बायकांच्या हातात बांगड्या भरल्या, आणि मी त्यांचा मुलगा समोर उभा राहून त्या फुटताना बघत होतो.

अर्ध्याएक तासानं आयसीयूचं दार उघडलं. डॉक्टर बाहेर आले आणि पुकारा झाला. आक्कांना दोघींनी धरून पुढं नेलं. डॉक्टर हसतमुखानं म्हणाले, "आजी, रडताय कशाला? आज त्यांनी दोन चमचे पेज घेतली. आणि तुमचं सरकारी योजनेत नाव बसलंय बरं का. जुनी फाइल बंद करून नवीन केलीय, काउंटरवर एक सही करून या."

  आख्ख्या हॉलदेखत आक्का माझ्यासमोर आल्या. "मुडद्या! जित्या नवऱ्याच्या बांगड्या फोडाय लावल्यास! कुणी सांगितलं तुला? डागतरनं सांगितलं? देवानं सांगितलं?"

"कॉम्प्युटरवर फाइल बंद दिसली आक्का."

"फाइल बंद झाली का माणूस मेला व्हय रं? आदी माणसानं माणसाला सांगावं, मग तुझं यंत्र बंद कर न्हाईतर जाळ!"

एवढं बोलून त्यांना आठवलं. "आवं, दत्ता! त्येला कळवा आदी!" पण बारा वाजून गेले होते. गाडी निघाली होती. दोन दिवस तो बर्फातून खाली येत होता आणि त्या दोन दिवसांत त्याच्या हिशेबी त्याचा बाप मेलेला होता. ते दोन दिवस मी आणि आक्का दोघंही फोन लावत होतो, आक्का खांब तीनपाशी आणि मी पोर्चमध्ये. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचाच फोन आला. आक्का ओरडूनच म्हणाल्या, "जित्तं हायत रं! आबा जित्तं हायत!" पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मला वाटलं नेट गेलं. नेट गेलं नव्हतं, तो रडत होता.

आधीच्या दिवशी मी आणखी एक काम केलं होतं. चुलतभावाच्या दुकानातून हिरव्या बांगड्या आणल्या आणि हॉलमध्ये आक्कांच्या समोर बसलो. म्हटलं, "हात पुढं करा." त्या आधी तोंड फिरवून बसल्या. मग केला हात पुढं. चाळीस वर्षांनी मी बांगडी भरत होतो. वडील सांगायचे तसं अंगठा आत दाबून, हळू. एकही फुटली नाही. झाल्यावर आक्कांनी रीतीप्रमाणं नमस्कार केला, पण बजावून सांगितलं, "ह्यो बांगड्यास्नी केला. तुमाला न्हवं."

दत्ता आला तो पाठीवर बॅग घेऊन थेट हॉस्पिटलात. मी मनाची तयारी केली होती. फौजी पोरगा आहे, एखादी ठेवून देईल. त्यानं वाकून पाया पडायला सुरुवात केली, मीच त्याला उठवलं. आठ दिवस तो बापाजवळ होता. तात्या तेवढे दिवस छान बोलत होते. उसाला पाणी कधी आलं, लेकीच्या सासरची माणसं कशी, फौजेत जेवायला काय देतात, सगळं. मी आयसीयूच्या मुख्य सिस्टरांच्या पाया पडायचा बाकी राहिलो आणि आतपर्यंत केबल ओढून तात्यांच्या खाटेजवळ एक डबा लावून घेतला. रजा संपून दत्ता परत गेला, तेव्हा खालच्या छावणीतून त्यानं व्हिडिओ लावला. छावणी दाखवायची परवानगी नाही, बर्फ दाखवायला हरकत नाही म्हणाला. तात्यांनी मास्क बाजूला केला आणि तो डोंगरभर बर्फ बराच वेळ बघितला.

"ह्ये समदं पानी हाय?"

"व्हय आबा."

"एवढं? आनि असंच पडून हाय?" त्यांनी आक्कांकडं बघितलं. "आटपाडीला ह्यातल्या चार पाट्या आल्या असत्या तर काय बिघडलं असतं गं?"

आक्का हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघितलं.

मला मेमो मिळाला तो या सगळ्याच्या मधे. स्टाफचा पासवर्ड दिल्याबद्दल. बाकीचं त्यात काही नव्हतं, आणि खरं तर मेमो त्या बाकीच्याबद्दल हवा होता. फाइल का बंद झाली ते आमच्या पडद्यावर दिसावं असा अर्ज मी दिला, तो गोपनीयतेच्या कारणानं परत आला. ते बरोबरच होतं. पण आक्कांचं वाक्य डोक्यातून जाईना, आदी माणसानं सांगावं. मग मी खुर्चीत बसून तीन मिनिटांचं काम केलं. फाइल बंद झाल्यावर नेट लगेच न जाता एक दिवस चालू राहील असं बसवून टाकलं. चहावाल्यानं बघितलं तर बघू दे क्रिकेट. रजिस्टरमध्ये कारण काय लिहायचं सुचेना, म्हणून 'तांत्रिक' लिहिलं.

दत्ता गेल्याच्या अकराव्या दिवशी तात्या गेले. सकाळची वेळ होती. डॉक्टरांनी आक्कांना आत बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि स्वतः सांगितलं. मला ते तासाभरानं सिस्टरांकडून कळलं. कॉम्प्युटरवर तेव्हा 'बंद' दिसत असणार, पण मी बघितलं नाही.

सव्वाअकराला मी हॉलमध्ये गेलो. आक्का खांब तीनपाशी फुलीवर उभ्या होत्या. गावाकडची माणसं अजून वाटेत होती. मला बघून त्यांनी फोन पुढं केला. "चालू हाय का बघा." मी नंबर टाकला, नेट लागलं. मी फोन परत दिला आणि बाजूला सरकलो, पण त्या म्हणाल्या, "ऱ्हावा हितंच."

साडेअकराला फोन लागला. पडद्यावर कानटोपी आली आणि पदर सावरताना आक्कांचा मोकळा हात फोनसमोर आला. मी भरलेल्या बांगड्या अजून हातात होत्या.

"आई, कसं हायत आबा?"

"बांगड्या बघू नगंस दत्ता," त्या म्हणाल्या. "आबा गेलं. सकाळी. झोपंतच गेलं."

पलीकडं दत्तानं कानटोपी काढली. मग तो म्हणाला, "रस्ता बंद हाय आई. मी यिऊ कसा?"

"यिऊ नगंस. तू आलास तवा आबा बोलत हुतं. आता यिऊन तू काय ऐकणार हाईस?"

फोन झाल्यावर त्यांनी मला विचारलं, गावाकडं स्मशानात नेट चालंल का. मी म्हटलं चालवू. मी गाडीच्या मागं डबा आणि बॅटरी घेऊन गेलो आणि चालवलं. दोनदा अडकलं, पण दत्तानं बघायचं ते बघितलं. बहिणीच्या लग्नालाही त्याला तसंच फोनवर हजर राहावं लागलं, कारण त्याची रजा मी आधीच खर्चून टाकली होती. त्याबद्दल त्या मुलीची मी माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या चाचा." ते जाऊ देणं मला अजून जमलेलं नाही.

अंत्यविधीच्या दिवशी मी गावातून निघताना आक्का दारापर्यंत आल्या. हात रिकामे होते, पण बांगड्या फोडल्या नव्हत्या, काढून कापडात बांधून ठेवल्या होत्या. म्हणाल्या, "भाऊ, तुमची चूक ती चूकच. मी काय उपकार मानणार न्हाई." आणि मग वाकून नमस्कार केला. या खेपेला तो कोणाला होता ते त्यांनी सांगितलं नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर मी आधी ऋतुजालाच वाचायला पाठवलं. संध्याकाळी तिचा फोन आला.  तिनं विचारलं, "काका, एक दिवस पुरतो का?"

मी म्हटलं, "आक्कांना पुरला. बाकीच्यांचं मी विचारलं नाही."

दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला. तिनं दोन दिवस केले होते.